इम्प्लांट स्नायूवर की स्नायूखाली? स्तनवृद्धीच्या ऑपरेशनआधी जागा कशी ठरवायची

स्तनवृद्धीचा सल्ला घ्यायला येणाऱ्या पुष्कळजणी इम्प्लांटच्या आकारमानाचा आकडा मनाशी ठरवूनच येतात: ३०० सीसी (म्हणजे मिलिलिटर), ३५० सीसी. इम्प्लांट नेमकं कुठे बसणार, हा विषय त्या आकड्यामागे राहून जातो. निघालाच तर "आम्ही सगळ्यांना स्नायूखालीच घालतो" एवढ्यावर मिटतो. क्रम याच्या उलट हवा. इम्प्लांटवर स्वतःच्या शरीराचं किती जाड आवरण येणार आहे ते आधी मोजायचं, त्यावरून जागा ठरवायची आणि त्या जागेत नीट मावेल तेवढंच इम्प्लांट निवडायचं. कडा हाताला लागणं, वरच्या भागात सुरकुत्या दिसणं, हात हलवला की स्तन उडणं, अशा काही वर्षांनी येणाऱ्या तक्रारींची मुळं बऱ्याचदा इथेच सापडतात.

कुठल्या थराखाली काय

बाहेरून आत जाताना आधी त्वचा लागते, मग चरबी, मग दूधग्रंथी. ग्रंथीच्या मागे एक पातळ पांढरट पडदा असतो, त्याला फॅशिया म्हणतात. त्याची जाडी एक मिलिमीटरच्या आतच असते. त्यामागे छातीचा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर. तो गळपट्टीच्या हाडापासून, छातीच्या मधल्या हाडाच्या कडेपासून आणि वरच्या बरगड्यांच्या कूर्चांपासून निघून दंडाच्या हाडाला जाऊन मिळतो. त्याच्या मागे छोटा पेक्टोरॅलिस मायनर आणि बरगड्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हा मोठा स्नायू स्तनाच्या फक्त वरच्या आणि आतल्या भागामागे असतो. खालचा बाहेरचा भाग त्याच्या आवाक्यात येतच नाही. त्यामुळे "पूर्ण स्नायूखाली" असं सांगितलं जातं तेव्हाही इम्प्लांटचा खालचा भाग बहुधा ग्रंथी आणि त्वचेच्याच आधारावर असतो.

सिलिकॉन जेलचं पहिलं इम्प्लांट १९६२ साली ह्यूस्टनमध्ये क्रोनिन आणि गेरो या सर्जननी टिमी जीन लिंडसे या महिलेला बसवलं. सुरुवातीची इम्प्लांट थेट ग्रंथीखाली जात. त्यांच्याभोवती शरीराने तयार केलेलं आवरण आकसून कडक होण्याच्या तक्रारी वाढल्या, तसे सर्जन स्नायूखाली वळले. पण स्नायूखालच्या इम्प्लांटच्या आपल्या अडचणी होत्याच. त्यावर उपाय म्हणून अमेरिकन सर्जन जॉन टेबेट्स यांनी २००१ मध्ये ड्युअल प्लेन पद्धत मांडली. आज सर्वाधिक चर्चा याच पद्धतीची होते.

पहिली पायरी: चिमटा

सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे. स्तनाच्या वरच्या भागात, जिथे ग्रंथी संपत आली आहे, तिथे सर्जन त्वचा आणि तिच्याखालची चरबी बोटांत घट्ट धरतात आणि कॅलिपरने जाडी मोजतात. स्नायू चिमट्यात यायला नको, म्हणून खांदा ढिला ठेवणं महत्त्वाचं.

इथला नेहमीचा उंबरठा २ सेंटीमीटरचा आहे. चिमटा २ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर वरच्या भागाला स्नायूचं आवरण द्यावं. जास्त भरला, तर स्नायूच्या वर ठेवण्याचा पर्याय खुला राहतो. चिमट्यात दोन पदर येतात हे विसरू नका. २ सेंटीमीटरचा चिमटा म्हणजे इम्प्लांटवर प्रत्यक्षात साधारण १ सेंटीमीटर आवरण. घरी पट्टीने मोजून अंदाज येतो, पण निर्णयासाठी सर्जनचं माप धरा.

दुसरा चिमटा स्तनाखालच्या घडीजवळ घेतात. तो अर्ध्या सेंटीमीटरहून कमी असेल, तर घडीजवळचा स्नायू कापावा की तसाच ठेवावा याचा विचार व्हायला हवा. कापला, तर तिथे इम्प्लांटची खालची कड लगेच हाताला लागते.

माप कधी घेतलं यावरही बरंच अवलंबून असतं. आठ-दहा किलो वजन उतरवायचं ठरवलं असेल, तर ते आधी उतरवा. वरच्या भागातली चरबीही त्याबरोबर कमी होते आणि आज २.३ भरलेला चिमटा सहा महिन्यांनी १.६ भरू शकतो. बाळाचं दूध सुटल्यावर तीन ते सहा महिने थांबा, कारण तोवर ग्रंथी आक्रसत असते आणि माप स्थिर नसतं.

दुसरी पायरी: आरशासमोर

ब्रा न घालता हात खाली सोडून आरशासमोर उभं राहा आणि स्तनाग्र घडीच्या तुलनेत कुठे आहे ते बघा. घडीच्या वर असेल, तर ओघळण्याची अडचण नाही. घडीच्या बरोबरीला किंवा थोडं खाली असेल, तर स्नायू आणि ग्रंथी यांच्यातला जोड किती सोडवायचा हे ठरवावं लागतं. त्याबद्दल पुढे सांगितलं आहे. स्तनाग्र जमिनीकडे पाहत असेल किंवा घडीच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली असेल, तर नुसत्या इम्प्लांटने काम भागत नाही, स्तन उचलण्याचं ऑपरेशनही लागतं. मोठं इम्प्लांट घालून ओघळलेला स्तन "भरून काढणं" हा सोपा वाटणारा मार्ग आहे. वर्षा-दोन वर्षांत त्या वजनाने स्तन आणखी उतरतो.

याच वेळी सर्जन आणखी तीन मापं घेतात: स्तनाच्या पायाची रुंदी, त्वचा पुढे ओढली असता किती ताणते, आणि त्वचा ताणून स्तनाग्रापासून घडीपर्यंतचं अंतर. इम्प्लांटची रुंदी पायाच्या रुंदीपेक्षा जास्त असू नये. पाया १२ सेंटीमीटरचा असताना १३.५ सेंटीमीटरचं इम्प्लांट घातलं, तर ते बगलेकडे तरी सरकतं किंवा मधल्या हाडाकडे तरी घुसतं, मग जागा कुठलीही निवडा. तेवढ्याच रुंदीत कमी-जास्त सीसी हवे असतील, तर प्रोफाइल, म्हणजे इम्प्लांटचा पुढे येणारा उंचवटा, बदलून ते मिळतात.

तिसरी पायरी: हाताचं काम

नमस्काराच्या मुद्रेत छातीसमोर तळवे जोडा आणि जोराने एकमेकांवर दाबा. छातीचा स्नायू आकसताना दिसतो. इम्प्लांट त्याच्याखाली असेल, तर तो आकसला की इम्प्लांट वर आणि बाहेर ढकललं जातं आणि स्तनाच्या खालच्या भागात खळगा पडतो. रोजच्या वापरात बऱ्याच जणींना याचा त्रास नसतो. पण मल्लखांब, कुस्ती, पोहणं, जिममधला बेंच प्रेस, रोज पन्नास-शंभर सूर्यनमस्कार, असं काही नियमित असेल तर सर्जनला ते न विचारताच सांगा. चिमटा जाड आणि व्यायाम भरपूर असेल, तर स्नायूवरची जागा जास्त योग्य. चिमटा पातळ आणि व्यायाम भरपूर, ही अडचणीची जोडी आहे. तिथे सुरकुत्या की हालचाल, यांपैकी काय सोसायचं ते तुम्हीच ठरवायचं असतं. लहान आणि घट्ट जेलचं इम्प्लांट घेतल्यास दोन्हींचा त्रास कमी होतो.

स्नायूच्या वर

ग्रंथीखाली इम्प्लांट ठेवताना स्नायूला हात लागत नाही. दुखणं कमी, हालचाल लवकर, आणि स्नायू आकसल्यावर स्तन उडण्याचा प्रश्न नाही. किंचित ओघळलेल्या स्तनात ही जागा चांगली भरते.

तोटे तीन. पातळ आवरणातून गोल कड आणि सुरकुत्या दिसतात, विशेषतः सलाईनच्या इम्प्लांटमध्ये आणि पुढे वाकल्यावर. इम्प्लांट आणि ग्रंथी एकमेकांना चिकटून असल्यामुळे, गुळगुळीत इम्प्लांट असेल तर कडक आवरण धरण्याचं प्रमाण स्नायूखालच्या जागेपेक्षा जास्त राहतं. मॅमोग्राफीतही ग्रंथीचा जास्त भाग इम्प्लांटआड जातो.

फॅशियाखाली ठेवण्याची पद्धत ब्राझीलच्या रूथ ग्राफ यांनी लोकप्रिय केली. तिची जाहिरात कधीकधी "दोन्हीचे फायदे" अशी होते. फॅशिया इम्प्लांटला बऱ्यापैकी धरून ठेवतो आणि वरच्या कडेचा उठाव थोडा मवाळ करतो, हे खरं. पण एक मिलिमीटरच्या आतला पडदा स्नायूच्या जाडीची बरोबरी कशी करणार? चिमटा दीड सेंटीमीटर असताना "फॅशियाखाली घातलं की चालेल" असं कुणी म्हटलं, तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

स्नायूखाली, म्हणजे ड्युअल प्लेन

इम्प्लांटचा वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा ग्रंथीखाली, म्हणून हे नाव. ऑपरेशनमध्ये होतं ते असं.

स्तनाखालच्या घडीत ४ ते ५ सेंटीमीटरची चीर घेतात. मोठ्या स्नायूची बाहेरची कड शोधून ती वर उचलतात. ओढल्यावर जो उचलला जातो तो पेक्टोरॅलिस मेजर. जो बरगड्यांना घट्ट चिकटून राहतो तो त्याखालचा मायनर किंवा बरगड्यांमधला स्नायू, आणि त्यात शिरायचं नसतं. सडपातळ बाईत बरगड्यांमधल्या स्नायूत चूक झाली, तर फुप्फुसाभोवती हवा शिरण्याचा धोका असतो. स्नायूखाली पॉकेट, म्हणजे इम्प्लांट बसवायची पोकळी, तयार झालं की घडीच्या साधारण एक सेंटीमीटर वरून, घडीला समांतर, स्नायूचा खालचा जोड बाहेरून आत कापत आणतात. घडी छातीच्या मधल्या हाडाला जिथे भिडते तिथे थांबतात. कापलेली कड वर सरकते आणि खालच्या भागात इम्प्लांट ग्रंथीशी भिडतं.

मग ग्रंथी स्नायूपासून किती सोडवायची, त्यावरून तीन प्रकार होतात. पहिल्यात अजिबात नाही. बांधेसूद, न ओघळलेल्या स्तनासाठी. दुसऱ्यात ॲरिओलाच्या, म्हणजे स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या, खालच्या कडेपर्यंत. ग्रंथी स्नायूवर सैल हलत असेल तर. तिसऱ्यात वरच्या कडेपर्यंत; थोडा ओघळलेला किंवा खालचा भाग आखडलेला स्तन असेल तर. जितकी जास्त सोडवण, तितका स्नायू वर सरकतो आणि खालचा भाग मोकळा होतो. म्हणून "ड्युअल प्लेन करणार" एवढं ऐकून थांबू नका, कुठला प्रकार आणि का, तेही विचारा.

मधल्या हाडाच्या कडेने वर जाणारे स्नायूचे धागे कापायचे नाहीत, या नियमात सूट नाही. दोन स्तनांमधलं अंतर कमी दिसावं म्हणून कधी रुग्ण आग्रह धरते, कधी सर्जनच पुढे जातात. ते धागे गेले की आतली कड त्वचेखाली उघडी पडते, हालचालीचा त्रास वाढतो, आणि दोन्ही पॉकेट मधोमध एकमेकांत मिळण्याची शक्यता तयार होते. दुरुस्ती अवघड असते आणि दर वेळी जमतेच असं नाही. दोन स्तनांमध्ये निसर्गतः असलेली दोन-तीन सेंटीमीटरची जागा राहू द्या. ब्राने ती हवी तेव्हा झाकता येते.

पूर्ण स्नायूखालचं पॉकेट, बाजूचा सेराटस स्नायूही उचलून केलेलं, आता सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनमध्ये क्वचितच करतात. इम्प्लांट वर अडकून राहतं आणि स्तन सपाट दिसतो. कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेचं गणित वेगळं आहे. तिथले सल्ले इथे लावू नका.

काय बिघडतं आणि कशामुळे

वरून इम्प्लांटचा उंचवटा, त्यावरून ग्रंथी ओघळून दुसरा उंचवटा: ओघळलेल्या स्तनात इम्प्लांट स्नायूखाली वर राहिलं की असं होतं. इलाज तिसऱ्या प्रकारची सोडवण किंवा स्तन उचलणं. याच्या उलट, स्तनाच्या खाली जुनी घडी रेघेसारखी उमटून दोन फुगे दिसतात, ते घडी गरजेपेक्षा खाली नेल्यामुळे किंवा आखडलेला खालचा भाग न सोडवल्यामुळे.

इम्प्लांट खाली उतरत जाऊन स्तनाग्र वर बघू लागणं हे जास्त वजनाचं आणि घडीचा आधार तुटल्याचं लक्षण. ४०० सीसीच्या इम्प्लांटचं वजन ४०० ग्रॅमच्या आसपास असतं, आणि त्वचा ते रात्रंदिवस पेलत असते.

कडक आवरण: प्रत्येक इम्प्लांटभोवती शरीर पातळ कॅप्सूल तयार करतं, त्यात वावगं काही नाही. ते आकसून घट्ट झालं तर बेकर श्रेणी १ ते ४ मध्ये मोजतात. तिसऱ्या श्रेणीत आकार बदललेला दिसतो, चौथीत दुखतंही. साठलेलं रक्त आणि इम्प्लांटवर वाढलेला जंतूंचा पातळ थर ही मोठी कारणं मानली जातात. म्हणून जागा कुठलीही असो, हे विचारून घ्या: स्तनाग्रावर चिकटपट्टी लावणार का, भूल देताना अँटिबायोटिक देणार का, पॉकेट पोव्हिडोन-आयोडिनने किंवा अँटिबायोटिकने धुणार का, इम्प्लांट हाताळण्याआधी ग्लोव्ह्ज बदलणार का, आणि ते त्वचेला न लावता फनेलमधून आत सरकवणार का.

ॲरिओलाच्या कडेने घेतलेली चीर दूधनलिकांमधून जाते आणि तिथे जंतू असतातच. त्यामुळे पहिल्या ऑपरेशनसाठी घडीतली चीर जास्त भरवशाची. व्रण घडीत लपतो, पॉकेट डोळ्यांसमोर राहतं, आणि पुढे दुरुस्ती लागली तर त्याच चिरेतून करता येते.

स्तनाग्राची संवेदना मुख्यतः चौथ्या बरगडीखालच्या चेतातंतूच्या बाहेरच्या शाखेतून येते. पॉकेट बगलेकडे गरजेपेक्षा रुंद केलं की ती शाखा ताणली किंवा तुटली जाते. हा धोका दोन्ही जागांत आहे, आणि रुंद इम्प्लांटमुळे तो वाढतो.

बीआयए-एएलसीएल हा इम्प्लांटभोवती होणारा दुर्मीळ लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग) जागेशी नाही, तर इम्प्लांटच्या खरखरीत पृष्ठभागाशी जोडलेला आहे. त्यामुळेच २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीची बायोसेल नावाच्या खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली गेली. गुळगुळीत इम्प्लांट मागण्याचं हे ठोस कारण आहे.

नंतरचे आठवडे

पहिले चोवीस तास एका बाजूची अचानक सूज, ताण आणि वाढतं दुखणं यांवर लक्ष ठेवा. आत रक्त साठल्याची ती खूण असते. रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा.

स्नायूखाली इम्प्लांट असेल, तर पहिले तीन-चार दिवस छातीवर दडपण जाणवतं, हात वर करताना ओढ बसते. बसून करायच्या कामावर बहुतेकजणी आठवड्याभरात परततात. स्नायूवर असेल तर एक-दोन दिवस आधीच. पाण्याची कळशी, बादली, लहान मूल उचलणं दोन-तीन आठवडे टाळा. दुचाकी सर्जनच्या परवानगीने, साधारण तीन-चार आठवड्यांनी. दंडबैठका, सूर्यनमस्कार, पोहणं सहा आठवड्यांनंतर, स्नायूखालच्या जागेत थोडं आणखी उशिरा. सुरुवातीला इम्प्लांट वर चढलेलं आणि वरचा भाग फुगलेला दिसतो. ते तीन महिन्यांत खाली बसतं, त्यामुळे आकाराबद्दलचं मत सहा महिन्यांआधी बनवू नका.

धूम्रपान किमान चार आठवडे आधी बंद हवं. ॲस्पिरिन, फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल आणि वैद्याकडची औषधं यांची यादी भूलतज्ज्ञांना द्या. कुठली कधी थांबवायची ते त्यांना ठरवू द्या.

मॅमोग्राफी आणि कागद

मॅमोग्राफीला गेल्यावर इम्प्लांट आहे हे तंत्रज्ञांना आधी सांगा. इम्प्लांट मागे ढकलून ग्रंथी पुढे ओढून घेतलेल्या वेगळ्या प्रतिमा लागतात. स्नायूखाली असेल, तर हे ढकलणं सोपं जातं. घरात स्तनकर्करोगाचा इतिहास असेल, तर जागा ठरवताना हा मुद्दा वर आणा. सिलिकॉनचं इम्प्लांट आतल्या आत फुटलं तर बाहेरून कळत नाही, म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध आणि वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेच्या सूचनेनुसार लक्षणं नसली तरी पाच-सहा वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासणी. हा खर्च ऑपरेशनच्या अंदाजपत्रकात कुणी धरत नाही, तुम्ही धरा. निव्वळ सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला आरोग्य विमा सहसा पैसे देत नाही आणि बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो.

सर्जन एम.सीएच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी आहेत का, आणि राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे त्यांची नोंद आहे का, ते तपासा. इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर, ज्यावर कंपनी, आकार आणि सीरियल नंबर असतो, दोन्ही बाजूंचे मागून घ्या. डिस्चार्जच्या कागदावर "ब्रेस्ट इम्प्लांट" एवढंच लिहिलेलं बऱ्याचदा असतं. पॉकेट ग्रंथीखाली, फॅशियाखाली की ड्युअल प्लेन, असेल तर कुठला प्रकार, आणि चीर कुठे, हे त्यावर लिहून घ्या. पुढे जागा बदलायची वेळ आली, म्हणजे सुरकुत्यांमुळे वरून स्नायूखाली किंवा हालचालीच्या त्रासामुळे खालून वर, तर नवीन सर्जनला जुन्या कॅप्सूलचं काय करायचं आणि स्नायू परत कुठे शिवायचा याचा आराखडा त्याच ओळीवरून करावा लागतो.